ओळखीची लस्सी

खैरनार मॅडम, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार तुमचे आहेत. हे मी आईवडिलांसमोर बोललो आहे आणि दोघांनीही मान डोलावली आहे.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तुमच्या मुलीने, मेधाताईंनी, तुमच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. तुमच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी मी लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. "आई तुमच्याबद्दल फार बोलायची," त्या म्हणाल्या. मी लिहायला बसलो, एक पान लिहिलं आणि फाडलं. त्यात तुमची शिस्त होती, तुमचा साधेपणा होता, निवृत्तीच्या दिवशीही तुम्ही पाच वाजेपर्यंत टेबल सोडलं नव्हतं हे होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते पान माझ्या हातून येणं बरोबर नव्हतं. म्हणून हे दुसरं लिहितो आहे. छापायला देण्याआधी ते मेधाताईंना वाचायला देणार आहे. त्यांनी नको म्हटलं तर नको.

मी सिन्नरचा. आई विड्या वळायची, वडील कारखान्यात हेल्पर होते, आणि घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. सरकारी प्रयोगशाळेत तुमच्या विभागात कंत्राटी सहायक म्हणून लागलो तेव्हा विषशास्त्र हा शब्द मी नेमणुकीच्या कागदावर पहिल्यांदा वाचला होता. पोलिसांनी सील करून पाठवलेला चहा, दारू, सरबत, उलटी, लघवी तपासायची आणि त्यात विष किंवा गुंगीचं औषध आहे का ते सांगायचं, एवढं काम. त्या पहिल्या दिवशी तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "कुठला रे तू?"

"सिन्नरचा, मॅडम."

"रोज येऊन-जाऊन करणार?"

"हो. बसने."

"म्हणजे रोज द्वारका चौकातल्या गर्दीत अडकणार आणि रोज मला तेच कारण सांगणार. त्यापेक्षा आजच सगळ्या वर्षाचं सांगून टाक."

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी सिन्नरकर झालो. "सिन्नरकर, हात धुतलेस का?" "सिन्नरकर, ही काय पिपेट धरायची पद्धत झाली? विळी आहे का ती?" माझं इंग्रजी कच्चं होतं. माझा पहिला अहवाल तुम्ही लाल पेनाने एवढा रंगवलात की कागद ओला दिसत होता. पण तो माझ्या अंगावर फेकला नाहीत. दुपारी डबा खाताना समोर बसवलंत आणि म्हणालात, "आधी मराठीत सांग, काय बघितलंस? मग आपण ते साहेबांच्या भाषेत घालू." असं जवळपास वर्षभर चाललं. पुढे कायमस्वरूपी पदाची परीक्षा आली, तिचा फॉर्म भरायला तुम्हीच लावलंत. अर्जावरचा फोटो वाईट आला म्हणून परत काढायला पाठवलंत. वडील एकदा भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन तुम्हाला भेटायला आले होते.

"जय भीम, मॅडम. पोराला जरा वळण लावा."

"वळण तुम्ही लावून पाठवलंय, भाऊ. मी फक्त बाटल्या धुवायला शिकवते."

वडील त्या वाक्यावर आठ दिवस खूश होते.

तुमची एक पद्धत होती. आमच्याकडे बाहेरून येणाऱ्याला ती विचित्र वाटायची. सरबताचा नमुना आला की तुम्ही शिपाईमामांना बाहेर पाठवून तसंच सरबत मागवायचात. उसाचा रस आला तर उसाचा रस, मसाला दूध आलं तर मसाला दूध. त्यात आपल्या हाताने गुंगीचं औषध मोजून घालायचं आणि पोलिसांच्या नमुन्याबरोबर तेही तपासायला लावायचं. त्याला तुम्ही 'ओळखीचं' म्हणायचात. ओळखीचा चहा, ओळखीचा रस. "औषध आहे हे आपल्याला माहीत असलेल्या ग्लासात ते सापडतं का, ते आधी बघ. तिथेच सापडलं नाही, तर त्या दिवशी तू आंधळा आहेस. मग दुसऱ्याच्या ग्लासाबद्दल बोलू नकोस." दुसरा नियम त्याहून साधा होता. नमुन्याला हात लावण्याआधी निम्मा भाग वेगळा करून, सील करून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि नोंदवहीत बरोबरची खूण करायची. तो भाग आपला नाही. उद्या कोर्टाला शंका आली, तर त्यांच्यासाठी आहे.

मामा नेहमी एक ग्लास जास्त आणायचे आणि तो बाहेर व्हरांड्यात उभं राहून प्यायचे. "मॅडम, हा बिनओळखीचा ना?" असं प्रत्येक वेळी विचारायचे आणि प्रत्येक वेळी आपण हसायचो.

मग सातपूरची ती केस आली.

तिचं नाव मी लिहिणार नाही. तुम्हीही ते कुणाला दिसू दिलं नव्हतं. नमुना ज्या स्टीलच्या डब्यात आला, त्याच्या झाकणावर घरच्या भांड्यांवर असतं तसं नाव कोरलेलं होतं, आणि डबा टेबलावर आल्या आल्या तुम्ही त्यावर कागदी पट्टी चिकटवलीत. मुलगी एका कारखान्यात पॅकिंगला होती. शिफ्ट सुटल्यावर सुपरवायझरने स्वतःला बढती मिळाली म्हणून चौघींना लस्सी पाजली. हिने अर्धी प्यायली, उरलेली आईला म्हणून रिकाम्या डब्यात ओतून घेतली. त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा ती स्टोअररूममध्ये होती आणि संध्याकाळ झाली होती. पोलिसांकडे जायला आणि दवाखान्यात नमुने घ्यायला चार दिवस गेले. तेवढ्या काळात लघवीत काही उरत नाही, तसंच झालं. म्हणजे सगळी भिस्त त्या डब्यातल्या चार घोट लस्सीवर होती.

तो दिवस माझ्या सत्काराचा होता. परीक्षा पास झालो म्हणून सिन्नरच्या माझ्या शाळेने चार वाजता कार्यक्रम ठेवला होता. तुम्ही सकाळीच म्हणालात, "हे आज नको. उद्या दोघं मिळून लावू. तू जा, बापाला ताटकळत ठेवू नकोस." आणि तुम्ही एका साक्षीसाठी कोर्टात गेलात.

मला घाई कुणी केली नव्हती, मॅडम. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मनातल्या मनात मी फार दिवस त्या दिवसाला एक हवालदार चिकटवला होता, लवकर करा म्हणणारा. तसा हवालदार आलाच नव्हता. मला फक्त तुम्हाला दाखवायचं होतं की मी एकटा करू शकतो.

निम्मा भाग मी वेगळा केला. सील केला, नोंदवहीत खूण केली. तिथपर्यंत सगळं तुमच्या शिकवणीप्रमाणे होतं. उरलेल्या लस्सीत औषध वेगळं काढणारं द्रावक घालून मी बाटली हलवली आणि आत घट्ट पांढरा फेस झाला. तो बसेना. दुधाच्या पदार्थात असं होतं, अशा वेळी थांबायचं असतं, हे तुम्ही मला दोनदा दाखवलं होतं. मी तो सिंकमध्ये ओतला. मग फ्रीज उघडला, राखीव भागाचं सील फोडलं आणि तोही वापरला. पुन्हा फेस. वर जे थोडंसं नितळ आलं तेवढं घेऊन मशीनवर लावलं. काही दिसलं नाही. ओळखीची लस्सी आणायला मामांना पाठवलंच नाही, कारण दोन वाजून गेले होते. मी लिहिलं, गुंगीच्या औषधाचा अंश आढळला नाही. नोंदवहीतली राखीव भागाची खूण तशीच राहू दिली.

शाळेत मला शाल दिली, नारळ दिला. वडील पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसले होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "आत्ताच सातपूरच्या एका गुन्ह्याचा अहवाल पूर्ण करून आलोय." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर पेढे ठेवले आणि त्याच्या शेजारी अहवाल ठेवला. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि विचारलंत, "केलंस पण? ओळखीची लावली होतीस?"

"हो, मॅडम."

एरवी तुम्ही ओळखीच्या नमुन्याचे आलेखही मागितले असते. त्या दिवशी मागितले नाहीत. माझ्या सहीच्या खाली तुम्ही सही केलीत.

त्यानंतर तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त झालात. आणखी काही महिन्यांनी ती मुलगी आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली. आम्ही कुणाला भेटत नाही, अहवाल हातात देत नाही. मामांनी तिला तसं सांगितलं, तरी ती हलेना. शेवटी मी गेलो. बरोबर तिची आई होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"साहेब, त्या डब्यातलं तुम्हीच तपासलं का?"

"विभागाने तपासलंय."

"त्या सुपरवायझरचा वकील म्हणतो, सरकारी लॅबच सांगतीये की लस्सीत काय नव्हतं. म्हणजे ही खोटं बोलतीये."

"रिपोर्टमध्ये जे आहे ते आहे, ताई."

"मी खोटं बोलत नाय, साहेब. मी लहानपणापासून कधी दुपारची झोपत नाय. मंग मी झोपले कशी?"

मी म्हणालो, तुमच्या सरकारी वकिलांना विचारा. खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात कोर्टाचं पत्र आलं, शिल्लक नमुना फेरतपासणीसाठी उपलब्ध आहे का. त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी सिन्नरची बस न पकडता गंगापूर रोडला तुमच्या घरी आलो. तुम्ही मेथी निवडत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही चिडलात की तुमची सटाण्याकडची अहिराणी बाहेर यायची, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी आवाज चढला नाही. खालच्या आवाजात म्हणालात, "हाई काय कयं रे तू?" हे काय केलंस तू. मग मेथीची पुढची काडी उचललीत.

"उद्या लिहून दे," तुम्ही म्हणालात.

"मॅडम, नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"आणि त्याने तिचा काय फायदा? नमुनाच उरला नाही. त्यात औषध होतं, हे आता कुणीच सिद्ध करू शकत नाही."

"ते सिद्ध करायला मी सांगतच नाहीये. केस तिची आणि तिच्या वकिलाची. आपल्या कागदाने ती खोटी ठरतेय. तेवढा कागद मागे घे."

"एकट्या कागदावर निकाल लागत नाही, मॅडम."

"मग एकटा कागद मागे घ्यायला तुला एवढं जड का जातंय?"

मग मी वडिलांना मध्ये आणलं. त्यांना काय वाटेल, शाळेच्या भिंतीवर माझं नाव लावलंय, आमच्या वस्तीतली मुलं मला बघून अभ्यास करतात. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, "आलेख न बघता सही केली, तेवढं माझं. ते मी कोर्टात येऊन बोलेन. तुझ्या शेजारी उभी राहीन. पण लिहायचं तूच. मी तुझ्या नावाने लिहिलं तर ती चहाडी होईल, आणि तुला कधीच लिहिता येणार नाही." मग चहा टाकलात. निघताना भाजीची जुडी हातात दिलीत. मी ती घेतली. मला ती घ्यायची लाज वाटली नाही, हे आज आठवून लाज वाटते.

मी कोर्टाला उत्तर दिलं, नमुना तपासणीत पूर्णपणे वापरला गेला. वाक्य म्हणून ते खरं होतं. तुम्ही फोनवर विचारायचात आणि मी म्हणायचो, लॅबचे मोठे साहेब रजेवर आहेत, इन्स्पेक्शन आहे, महिनाअखेर आहे. तुम्ही कधी दरडावलं नाहीत. "बरं. मग पुढच्या आठवड्यात," एवढंच. मला कधीकधी तुमचा राग यायचा. वाटायचं, या निवृत्त झाल्या, पेन्शन सुरू झाली, यांचं काय जातंय. इतका हलका विचार मी तुमच्याबद्दल केला आहे.

मग तुमच्या घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशननंतर आवाज गेला आणि फोन थांबले. मी भेटायला आलो नाही. सगळे येऊन गेले, मामासुद्धा लस्सीचा ग्लास घेऊन येऊन गेले आणि तुम्ही पाटीवर लिहून त्यांना विचारलंत म्हणे, "बिनओळखीची ना?" मी आलो नाही, कारण तुम्ही त्याच पाटीवर मला काय विचाराल ते मला माहीत होतं. शेवटी तुम्ही कार्ड पाठवलंत. वर माझं नाव आणि खाली दोनच शब्द, "लिहिलंस का?"

त्या कार्डाला मी उत्तर पाठवलं. ते शेवटी देतो.

ते पाठवल्यापासून अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. दशक्रियेला रामकुंडावर मी मागे उभा होतो. मेधाताईंनी मला गर्दीतून बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पाटीवर लिहिलं, 'पोरगं सुटलं.' त्या दिवशी खूप दिवसांनी ती जेवली." त्यांना वाटलं मी त्यामुळे रडतोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या सोमवारी मी साहेबांच्या हातात दोन पानं दिली. साहेब रागावले नाहीत. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "बाहेर बसा." आता चौकशी लागली आहे. माझ्याकडचं काम काढून घेतलं आहे. सरकारी वकिलांनी कोर्टात अर्ज दिला आहे, मला साक्षीला बोलावलं आहे. तुम्ही शेजारी उभ्या राहणार होता. ती जागा माझ्यामुळे रिकामी आहे. तुम्ही बोलू शकत होता, तेव्हा मी लिहिलं असतं तर तुमच्यासारख्या जुन्या, मान असलेल्या बाईचा शब्द त्या मुलीच्या बाजूने कोर्टात पडला असता. आता तिथे फक्त माझा शब्द आहे, आणि त्या सुपरवायझरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की तेव्हा खोटं बोललात की आता.

घरी सांगितलं. आई उठून आत गेली. वडिलांनी विचारलं, "कोणाला लिहून दिलं?"

"ऑफिसात. कोर्टात जाईल."

"त्या पोरीला सांगितलं का?"

मी म्हणालो, तसं थेट भेटता येत नाही, नियम आहे, तिच्या वकिलांकडून कळेल.

"मागं खिडकीत बोललाच ना तिच्याशी?" वडील म्हणाले. "तवा कुठं गेला व्हता नियम?"

मॅडम, तुम्ही मला जे दिलंत त्याची यादी मोठी आहे आणि ती मी या पुस्तिकेत दुसऱ्या कुणाला तरी लिहू देतो. माझं तुमच्याशी एवढंच काम उरलं आहे की तुम्हाला पाठवलेलं पत्र चारचौघांत ठेवावं. ते लिहिलं त्या दिवशी मी साहेबांच्या खोलीकडे फिरकलोही नव्हतो, घरीही काही बोललो नव्हतो. दुपारच्या सुट्टीत, तुमच्या जुन्या टेबलावर बसून लिहिलं. मेधाताईंनी ते मला परत दिलं, आठवण म्हणून. एक शब्द न बदलता उतरवतो.

*

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर बघून बरं वाटलं, अजून तसंच टपोरं आहे. तब्येतीचं मामांकडून कळतं. मी यायचं म्हणतो, पण सध्या कामाचा भार फार आहे.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. हो मॅडम, लिहिलं. सोमवारी साहेबांकडे दिलं. ओळखीची लावली नव्हती हेही लिहिलं आणि राखीव भाग वापरला हेही लिहिलं. तुमचं नाव कुठे आणलं नाही. साहेब सुरुवातीला खूप रागावले, मग म्हणाले, प्रामाणिकपणे सांगितलंस ते चांगलं केलंस, पुढे पाठवतो. आता ते कोर्टात जाईल आणि त्या मुलीला न्याय मिळेल.

घरी पण सांगितलं. वडिलांना वाईट वाटलं, पण म्हणाले, तुझ्या मॅडमनी तुला माणूस केलं.

तुम्ही आता या गोष्टीचा अजिबात विचार करू नका. तुमच्यामुळेच मला हे करता आलं. आराम करा, पथ्य सांभाळा.

तुमचा आज्ञाधारक विद्यार्थी,
अमोल

ता. क. अर्जाची पोच घेतली आहे. झेरॉक्स काढून पाठवतो.